मांजराचं पोट सारखं बिघडतंय? आधी माग काढा

औषध दिलं की तीन दिवस बरं, चौथ्या दिवशी वाळूच्या घमेल्याभोवती पुन्हा तोच वास. तुमच्या घरी हे महिनोन्महिने चाललं असेल तर पुढचं वाचा. उंदीर खाऊन एखादा दिवस पोट बिघडलं आणि दुसऱ्या दिवशी आपोआप जाग्यावर आलं, तर त्यासाठी इतकं वाचायची गरज नाही.

आम्ही वडगावात राहतो, बेळगावच्या विणकरांच्या भागात. घरात दोन यंत्रमाग आहेत. मागाच्या घरात मांजर हौसेपेक्षा गरजेनं येतं, कारण उंदीर सुताच्या कांड्या कुरतडतात. आमची चिमी तशीच आली आणि मग उंदीर सोडून सासूबाईंच्या मांडीवर बसायला लागली. तीन वर्षांची, करडी, गावठी. मागच्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर तिला जुलाब सुरू झाले आणि पुढं सात-आठ महिने ते जात-येत राहिले. या काळात तीन ठिकाणी दाखवलं. एका ठिकाणी प्रत्येक खेपेला अँटिबायोटिकचं एक इंजेक्शन टोचून घरी पाठवत. दोन-तीन दिवस आराम पडायचा, म्हणून आम्हीही खूश होऊन परत यायचो. चूक त्यांची जेवढी, तेवढी आमचीही. शी थांबली की आम्ही कारण शोधायचं थांबवत होतो.

वाट बघायची नाही अशा गोष्टी

आधी हे वाचा, कारण खाली मी जे सांगणार आहे ते सावकाशीचं काम आहे आणि काही वेळा सावकाशी परवडत नाही.

बोका घमेल्यात जाऊन बसतोय, कुंथतोय, काहीच येत नाही, पुन्हा जातोय, मधेच ओरडतोय. घरातले म्हणतात, संडासला घट्ट झालंय. बऱ्याचदा ते बद्धकोष्ठ नसतं, लघवी अडकलेली असते. बोक्याची मूत्रनलिका अरुंद असते, खड्यानं किंवा चिकट गाळानं ती बुजते आणि एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. वाळूत ओलं ढेकूळ दिसत नसेल तर रात्र असली तरी डॉक्टरांना फोन करा. पोट दाबून बघू नका, भरलेलं मूत्राशय फुटू शकतं.

दुसरी गोष्ट आमच्यासारख्या घरांची: दोरा. मांजराच्या जिभेवर मागं वळलेले काटे असतात, त्यामुळं तोंडात गेलेला दोरा त्याला थुंकता येत नाही, तो गिळलाच जातो. एक टोक जिभेखाली किंवा जठराच्या तोंडाशी अडकतं, दुसरं पुढं सरकतं आणि आतडं त्या दोऱ्यावर नाडीच्या चुण्यांसारखं गोळा होतं. मग दोरा आतड्याला कापतो. मागून दोऱ्याचं टोक लोंबताना दिसलं तर ते कधीही ओढायचं नाही. तसंच डॉक्टरांकडं न्यायचं. विणकरांच्या, शिंप्यांच्या घरी आणि गणपती-दसऱ्याच्या हारातोरणांच्या दिवसांत हे लक्षात ठेवा.

लहान पिल्लाला उलट्या आणि जुलाब एकदम सुरू झाले, ते मलूल पडलं, तर त्याच दिवशी न्या. मांजरांचा एक विषाणूजन्य आजार, पॅनल्युकोपेनिया, लस न दिलेल्या पिल्लांना एक-दोन दिवसांत नेतो. मोठ्या मांजरानं पूर्ण एक दिवस अन्नाला तोंड लावलं नाही, शी डांबरासारखी काळी झाली, किंवा उलट्या थांबेनात, तरी तसंच. मांजराला उपाशी ठेवून पोट बरं करायचा आपला घरगुती उपाय इथं चालत नाही. दोन-तीन दिवस उपास घडला तर मांजराच्या यकृतात चरबी साचायला लागते, आणि जाडजूड मांजराला तो धोका जास्त.

बिघाड वरच्या आतड्यात की खालच्या?

हे डॉक्टर विचारतात, आणि याचं उत्तर फक्त घरच्या माणसाकडं असतं.

शी दिवसातून दोन-तीनदाच होते, पण भरपूर आणि पाणचट, आणि मांजर खाऊनही वाळत चाललंय, तर दोष बहुधा लहान आतड्यात. तिथं अन्न अंगी लागण्याचं काम होतं, म्हणून वजन उतरतं. उलट, मांजर सारखं जातं, दर वेळी चमचाभर होतं, कुंथतं, शेवटी आव पडते किंवा ताज्या लाल रक्ताचा ठिपका दिसतो, वजन मात्र टिकून आहे, तर दोष मोठ्या आतड्यात. दोन्ही मिसळूनही असतं. आमच्या चिमीचं तसंच होतं, म्हणून तर इतका घोळ झाला.

भिंतीवरचं कॅलेंडर

तिसऱ्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न कानडीत विचारला, "एष्ट दिना आतु?" किती दिवस झाले? मी म्हटलं, "भाळ दिना आतु." खूप दिवस झाले. ते हसले आणि म्हणाले, भाळ म्हणजे किती? दहा? शंभर? रोज की आठवड्यातून? मला एकाचंही उत्तर देता येईना. तीन दवाखाने फिरले होते आणि एकही आकडा हातात नव्हता.

त्या दिवसापासून स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहायला लागले. त्याच चौकोनात दुधाचा हिशोब असायचा, त्याखाली चिमीचा. खुणा मुलानं ठरवल्या: खडा, वळकटी, शिरा, पिठलं, कढी. वळकटी म्हणजे नीट, खडा म्हणजे कोरडी आणि कढी म्हणजे पळापळ. शिऱ्याच्या जागी त्यानं आधी 'कुंदा', म्हणजे आमच्याकडची खव्याची मिठाई, लिहिलं होतं. सासूबाईंनी ते खोडायला लावलं, बेळगावात राहून कुंद्याला नावं ठेवतोस म्हणून. खुणेसोबत किती वेळा, आव की रक्त, उलटी झाली का, आणि त्या दिवशी नेहमीपेक्षा वेगळं काय खाल्लं, एवढंच लिहायचं. आठवड्याला एकदा वजन. आमच्याकडं सुताचा काटा आहे, चिमीला टोपलीत घालून त्यावर ठेवतो. तुमच्याकडं माणसांचा काटा असेल तर मांजराला घेऊन उभं राहा, मग एकट्यानं, आणि वजाबाकी करा. डोळ्यांना मांजर जाडच दिसत राहतं, केसांमुळं. तीन किलोच्या मांजराचं पाव किलो उतरलं तर ते साठ किलोच्या माणसाचे पाच किलो उतरल्यासारखं आहे.

पाच आठवड्यांत चौकोन बोलायला लागले. मंगळवार! जवळजवळ प्रत्येक मंगळवारी सकाळी कढी. आणि त्याच्या वरच्या चौकोनात, सोमवारी, दूध एकऐवजी दीड लिटर. सोमवारी सासूबाईंचा उपास असतो. त्यांना आम्ही आत्या म्हणतो. विचारलं, "आत्या, चिमीला दूध घालता का हो?" त्या म्हणाल्या, "घालते की. मांजराला दूध नको तर काय ताक घालू?"

मांजर आणि दूध ही जोडी आपल्या म्हणीतच बसलेली आहे. मांजर डोळे मिटून दूध पितं, हे खरं, पण मोठ्या मांजराला ते पचतंच असं नाही. आईचं दूध सुटलं की दुधातली साखर फोडणारं पाचकद्रव्य बहुतेक मांजरांत कमी होत जातं. न फुटलेली साखर आतड्यात पाणी ओढून घेते, जंतू ती आंबवतात आणि वायू, गुडगुड, पातळ शी होते. काही मांजरांना चमचा-दोन चमचे दूध चालतं, वाटीभर चालत नाही. आत्यांना पटवायला मला आठवडा लागला. शेवटी त्यांना पुढच्या मंगळवारचा रिकामा चौकोन दाखवला तेव्हा त्या गप्प बसल्या. पटलं म्हणाल्या नाहीत.

एका वेळी एकच बदल

दूध बंद झालं, मंगळवारची कढी गेली. पण बाकीच्या दिवशी आव पडतच होती आणि शी पिठल्याच्या वर येईना. मी अस्वस्थ होऊन एकाच दिवशी खाणं बदललं, जंताची गोळी दिली आणि पोटाची पावडरही सुरू केली. आमचे हे मागावर होते. तिथूनच म्हणाले, "अगं, कापडात दोष आला तर मी दोरा, धोटा आणि फणी एकदम बदलतो का? मग दोष कशात होता ते कसं कळायचं?"

वारंवारच्या दुखण्यात याहून कामाचं काही मला कुणी सांगितलं नाही. बदल एकच करायचा, तारीख लिहायची, आणि निदान आठ-दहा दिवस दुसऱ्या कशाला हात लावायचा नाही. अर्थात मांजर खालावत असेल तर हा हिशोब सोडून सरळ दवाखाना.

जंतांचा फसवा पुरावा

चिमीच्या शेपटीखाली तांदळाच्या कणीसारखं काही चिकटलेलं दिसायचं, कधी अंथरुणात वाळलेलं सापडायचं. ते पट्टकृमीचे तुकडे. गोळी दिली की जायचे आणि महिन्याभरात परत दिसायचे. मला वाटायचं गोळी बनावट आहे. गोळी बरोबर होती. पट्टकृमीची अंडी पिसवांच्या अळ्या खातात, ती पिसू अंग चाटताना मांजराच्या पोटात जाते आणि सुमारे तीन आठवड्यांत नवा कृमी तुकडे टाकायला लागतो. पिसवा घरात आहेत तोवर गोळ्या नुसत्या महिन्याच्या पगारासारख्या, आल्या आणि गेल्या. आमच्या पिसवा मागाखाली साचलेल्या धागे-धुळीच्या कचऱ्यात होत्या. तो काढला, चिमीची गोधडी गरम पाण्यात धुतली, सगळ्या भेगा झाडल्या आणि तिच्या मानेवर डॉक्टरांनी दिलेलं मांजराचं औषध लावलं. मांजराचं, हे मुद्दाम सांगते. कुत्र्यांच्या पिसवांच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं, त्यानं मांजराला झटके येऊन ते मरू शकतं. घरात दोन्ही प्राणी असतील तर कुत्र्याला लावल्यावरही मांजराला त्याच्यापासून लांब ठेवा.

जंताच्या गोळीचा डोस वजनावर असतो. मी चिमीला अंदाजानं दोन किलोची धरून अर्धी गोळी देत होते, सुताच्या काट्यावर ती तीन किलो दोनशे ग्रॅम निघाली. शिवाय प्रत्येक गोळी प्रत्येक जंतावर चालत नाही. प्राझिक्वांटेल पट्टकृमीवर, पायरँटेल गोल जंतावर, म्हणून बऱ्याच गोळ्यांत दोन्ही मिसळलेली असतात. पिल्लांना गोल जंत आईच्या दुधातूनही मिळतात, त्यांचं वेळापत्रक वेगळं असतं. ते डॉक्टरांकडूनच घ्या.

हे सगळं खरं, पण कबूल करते, पट्टकृमी गेले तरी चिमीची आव गेली नाही. पट्टकृमीनं मोठ्या मांजराला सहसा जुलाब होत नाहीत. ते डोळ्यांना दिसले म्हणून मी सगळा आळ त्यांच्यावर घातला होता.

शीची तपासणी

खरा गुन्हेगार डोळ्यांना दिसणारा नव्हता. जिआर्डिया नावाचा एकपेशीय परजीवी दूषित पाण्यातून, ओल्या मातीतून, दुसऱ्या मांजराच्या विष्ठेतून येतो. तो रोज शीमध्ये उतरत नाही, म्हणून एकाच नमुन्यात दिसला नाही तर तो नाहीच असं म्हणता येत नाही. आमचे दोन नमुने साफ आले, तिसऱ्यात सापडला. डॉक्टरांनी सलग काही दिवसांचे तीन नमुने आणायला सांगितले होते, आणि मी दुसऱ्यानंतरच "सोडा, काही नाही त्यात" म्हणत होते.

नमुना ताजा हवा. चमच्यानं वरचा, वाळू न लागलेला भाग झाकणाच्या स्वच्छ डबीत घ्यायचा, दोन-तीन तासांत पोचवायचा. उशीर होणार असेल तर डबी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, पिशवीत गुंडाळून, आणि घरात सगळ्यांना सांगून! आमच्याकडं एकदा ती डबी लोणच्याशेजारी सापडली आणि दोन दिवस माझ्याशी कुणी धड बोललं नाही.

औषध पाच दिवसांचं होतं, त्याहून त्रासाचं काम घराचं. जिआर्डियाची कवचं गारव्यात आणि ओलीत टिकतात, कोरडेपणात आणि कडक उन्हात मरतात. आता बेळगावच्या जुलैत ऊन आणायचं कुठून? अंगणात शेवाळ, भिंतींना ओल, वाळत घातलेले कपडे तिसऱ्या दिवशीही दमट. आमच्याहून जास्त पावसातल्या खानापूरकडच्या माणसांना तर मी काय सांगावं. आम्ही घमेल्यातली वाळू रोज पूर्ण बदलली, घमेलं उकळत्या पाण्यानं धुऊन चुलीच्या उबेला वाळवलं, आणि औषधाच्या शेवटच्या दिवशी चिमीचा मागचा भाग कोमट पाण्यानं धुतला, कारण केसांना चिकटलेलं चाटून ती तेच परत गिळते. ओरबाडे माझ्या हातांवर आहेत. वाळू महाग पडली तेव्हा लाकडाच्या वखारीतला भुसा वापरला. तो स्वस्त आणि हलका, फक्त पायाला लागून घरभर होतो. नळाला रोज पाणी येत नसल्यानं आम्ही पिंपात साठवतो. चिमीच्या भांड्यात तेव्हापासून उकळून गार केलेलंच पाणी, रोज ताजं.

घरात कुणी गरोदर असेल तर घमेलं तिनं साफ करू नये. मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा नावाचा दुसरा परजीवी येऊ शकतो. विष्ठा बाहेर पडल्यावर तो लागण करण्याजोगा व्हायला निदान एक दिवस जातो, म्हणून रोजच्या रोज घमेलं साफ करणं हाच मोठा बचाव. एवढ्यासाठी मांजर घराबाहेर सोडून येण्याची गरज नसते.

खाण्याची परीक्षा

जिआर्डिया गेला, आव थांबली. कॅलेंडरवर दोन महिने कढी नाही. पण वळकटीही नाही! शिरा, पिठलं, शिरा. बऱ्याच जणांना वाटेल, एवढं चालतंय की. मला नाही वाटलं, कारण वजन तिथंच अडकलं होतं, तीन किलो दोनशे.

आता संशय खाण्यावर. चिमी दोन गोष्टी खायची: दुकानातलं मासळीच्या स्वादाचं कोरडं खाणं आणि आमच्या घरचं उकडलेलं चिकन. पोट बिघडल्यावर तर आम्ही आणखी चिकन द्यायचो, पचायला हलकं म्हणून. डॉक्टरांनी सांगितलं, तिनं आजवर जे मांस कधी खाल्लं नाही तेवढंच द्या, दोन-तीन आठवडे, दुसरा एक कणही नको. ससा, बदक वगैरे वडगावात कुठून आणणार? पण बकऱ्याचं मटण तिनं कधी चाखलं नव्हतं. मग काय, घरच्यांना महिन्यातून दोनदा मटण आणि चिमीला रोज. बिनचरबीचे तुकडे नुसत्या पाण्यात उकडून, मीठ नाही, हळद नाही, कांदा-लसूण तर मुळीच नाही. कांदा-लसणानं मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, म्हणून आपल्या रश्शातला तुकडा धुऊन घालणं हेही चूक.

सहाव्या दिवशी वळकटी. नवव्या, दहाव्या दिवशीही. पंधराव्या दिवशी मुद्दाम चिकनचा एक तुकडा दिला. ही उलट परीक्षा बहुतेक लोक करत नाहीत, कारण बरं झालेलं कोण बिघडवणार? पण तिच्याशिवाय खात्री होत नाही. दुसऱ्या रात्री पिठलं. मटणावर परत आणलं, तीन दिवसांत वळकटी. आठ महिने ज्याला आम्ही पथ्य समजत होतो तेच तिला बाधत होतं.

मग मासळीच्या स्वादाच्या पिशवीची मागची बाजू भिंग लावून वाचली. घटकांच्या यादीत पहिल्या तिनांत पोल्ट्री मील! पुढं मोठ्या अक्षरांत माशाचं चित्र, मागं बारीक अक्षरांत कोंबडी. हे खूप पिशव्यांवर असतं, तुमची आज तपासा.

नुसत्या उकडलेल्या मटणावर मात्र मांजर महिनोन्महिने ठेवता येत नाही. त्यात कॅल्शियम जवळजवळ नसतं, आणि मांजराला टॉरिन नावाचं द्रव्य अन्नातूनच लागतं, ते उकडताना पाण्यात उतरतं. टॉरिन कमी पडलं की डोळे आणि हृदय दोन्ही जातात. दूध-भात, भाकरी-दूध यांवर वाढवलेल्या मांजरांचं हेच होतं. आम्ही शेवटी कोंबडी नसलेलं, मांजरांसाठी पूर्ण आहार म्हणून लिहिलेलं खाणं मागवलं. आधीच्यात नवं थोडं-थोडं वाढवत आठ-दहा दिवसांत बदल केला. एका रात्रीत पिशवी बदलणं हेच पुष्कळ घरांतलं पुन्हा पुन्हा पोट बिघडण्याचं कारण असतं. आज या दुकानातली स्वस्त, उद्या त्या दुकानातली.

एवढं करूनही सुटलं नाही तर रक्ततपासणी, बी-१२ जीवनसत्त्वाची पातळी, पोटाची सोनोग्राफी असा पुढचा रस्ता आहे. आतड्याची जुनाट सूज असली की बी-१२ शोषलं जात नाही आणि ते भरून काढल्याशिवाय बाकीची औषधंही नीट लागू पडत नाहीत. मांजर दहाच्या पुढचं असेल, खा-खा करूनही वाळत असेल, तर थायरॉइड तपासा. मूत्रपिंडाचा आजार आणि आतड्यातला लिंफोमा, म्हणजे एक प्रकारचा कर्करोग, हेही त्या वयात डोक्यात ठेवायचं. अशा वेळी कोल्हापूर किंवा हुबळी-धारवाड गाठावं लागलं तर कॅलेंडरची पानं बरोबर न्या.

उलट तक्रार: होतच नाही

शेजारचा काळू नावाचा बोका. त्याला दोन वर्षांपूर्वी दुचाकीनं उडवलं, कमरेचं हाड वेडंवाकडं जुळलं. आता शी बाहेर पडायची वाटच अरुंद झालीय. त्याला दर महिन्याला कुंथणं, खडे, मग कडेनं थोडं पातळ. ते पातळ बघून शेजारी जुलाबाचं औषध देत होते! घट्ट गोळ्याच्या बाजूनं पाणी झिरपतं, ते जुलाबासारखं दिसतं.

बद्धकोष्ठात पहिली गोष्ट पाणी. कोरड्या खाण्यात दहाएक टक्केच पाणी असतं, ओल्या खाण्यात पाऊणशेच्या आसपास. आणि मांजर तहान लागली तरी फारसं पीत नाही. थंडीत तर नाहीच. खाण्यात कोमट पाणी मिसळा, पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी, खाण्यापासून आणि घमेल्यापासून लांब ठेवा. इसबगोल औषधांच्या कुठल्याही दुकानात मिळतं. पाव चमचा, भरपूर पाण्यात भिजवून ओल्या खाण्यात. कोरडं देऊ नका, ते आत फुगून उलट बूच बसवतं. उकडलेला लाल भोपळा चमचाभर चालतो. लॅक्ट्युलोजचं पातळ औषध चालतं, पण मात्रा डॉक्टरांची. दोन दिवस काहीच नाही तर घरचे प्रयोग थांबवा.

एरंडेल नको. तोंडात जबरदस्तीनं तेल ओतू नका, ते श्वासनलिकेत उतरून न्यूमोनिया होतो. माणसांच्या एनिमाच्या फॉस्फेटवाल्या बाटल्या मांजराला मारतात, हे अतिशयोक्तीनं सांगत नाही. तशीच पॅरासिटामॉलची गोळी. अंग गरम लागलं म्हणून अर्धी गोळी देणारी माणसं मी पाहिली आहेत. माणसांची जुलाब थांबवायची गोळी आणि मागच्या खेपेचं उरलेलं अँटिबायोटिक, हेही मनानं नको. अँटिबायोटिक पोटातले चांगले जंतूही झोडपतं, म्हणून तर आमचं ते 'तीन दिवस बरं' चाललं होतं.

परवा संक्रांतीच्या आधी कॅलेंडर बदललं, पण जुनं मी टाकलं नाही, दाराआड टांगलंय. चिमी तीन किलो आठशे. नव्या पानावर सगळ्या वळकट्या आहेत, फक्त एका बुधवारी शिरा. त्यासमोर आत्यांच्या हातानं, मोठ्या थरथरत्या अक्षरांत लिहिलंय: "कोंबडीचा एक तुकडा. मीच घातला."